तीन मिनारांचा ताज

चिचटोला, ता. गोरेगाव
२ सप्टेंबर २०२४

खुशाल,

आशीर्वाद. तुझा मोबाईल वरणाच्या गंजात पडला असं तुमच्या कंपनीच्या नागपूरच्या हापिसातल्या पोरीनं सांगितलं. बरं झालं पडला. तसंही मले फोनवर अर्धंच आयकू येते, आन् तू 'हो बाई, हो बाई' करून ठेवून देते. म्हणून हापिसच्या पत्त्यावर पत्र टाकून राहिली. पुढच्या यात्रेच्या गाडीसंगं पोचवून देऊ म्हणते ते लोकं.

काम असं हाय. बोदलकसा तलावाजवळच्या गावातून तुह्या लग्नासाठी एक जागा आली. पोरीचं नाव प्रेरणा. तिरोड्यात तिचं शिवणाचं दुकान हाय. बाप रामलालजी, धानाची शेती. ते घरी आले तवा त्यांनी इचारलं, पोरगा काय करते? तुझे भाटवे, म्हणजे आमचे हे, सरळ माणूस, बोलून गेले की यात्रा कंपनीत सैपाकी हाय. रामलालजींचं तोंड कारलं खाल्ल्यावानी झालं. मले समजलं, ही जागाही गेली. याच्याआधीच्या तीन अशाच गेल्या. बायको भेटत नाही म्हणून तू कधी बोलत नाही, पण मले का डोळे नाहीत? आईबापामागं मी मोठ्या बहिणीनंच तुले वाढवलं, तं तुह्या एकटेपणाची लाज मलेच वाटते.

म्हणून मी मधात तोंड घातलं. म्हटलं, सैपाकी हाय पण अर्धं जग पाह्यलं त्यानं. आग्र्याचा ताज, इजिप्तचा पिरामिड, मेघालयातला झाडाच्या जित्या मुळ्यांचा पूल. तुमच्या-आमच्यातल्या कोणी पाह्यलं? तं रामलालजी जरा थांबले. म्हणाले, दिवाळीमागं तुमच्या गावच्या मंडईच्या जत्रेले पोरीले घेऊन येतो, मंग बोलू.

तं आता तू मले एक लिवून पाठव. ताज कसा दिसते, पिरामिड कसा, पूल कसा. काय किती हाय, रंग कोणता, सगळं बारीक. जसं पाह्यलं तसंच लिव, पदरचं जोडू नको. कायले पायजे ते इचारू नको.

दिवाळीच्या सीझनात तुले सुट्टी भेटत नाही हे माहीत हाय, तरी मंडईले आला तं बरं होईन.

तुझी बाई
मंदा

*

आग्रा
२० सप्टेंबर २०२४

बाईले खुशालचा नमस्कार. भाटव्यांलेही.

तुझं पत्र आग्र्यातच हाती आलं, म्हणून ताजापासूनच सुरू करतो. एवढं बारीक कायले इचारून राहिली ते काई समजलं नाही. रामलालजींनी माही परीक्षा लावली काय? असो. लिव म्हणते तं लिवतो.

ताजाले तीन मिनार हायेत. मधात मोठा घुमट. डावीकडं एक मिनार, उजवीकडं एक, आन् एक घुमटाच्या समोर, जरासा बाजूले. खाली काय हाय ते झाडांमुळं दिसत नाही. आपली सैपाकाची जागा एका लॉजच्या मागच्या अंगणात असते, तिथून असा दिसते. पहाटे पोह्याचे कांदे चिरतो तवा तो राखेच्या रंगाचा असते. पोहे उतरले की गुलाबी. दुपारी इतका पांढरा की पाहवत नाही. सांजच्याले कणीक भिजवून मुरत ठेवतो आन् पाहत बसतो, तं कांद्याच्या आतल्या पाकळीवानी होते, थोडा जांभळा. चार वर्षांपासून पाहून राहिलो, पण कालच्यासारखा आज कधी दिसला नाही.

इजिप्तचा पिरामिड वरून अर्धा दिसते. त्याच्याखाली हॉटेलची भिंत, आन् भिंतीवर पाण्याची काळी टाकी. दगड भाजलेल्या गव्हाच्या रंगाचे. टाकीवर कबुतरं बसत होते.

मुळ्यांचा पूल खाली हाय. वरून पायऱ्या दिसतात, शेवाळलेल्या, पार झाडीत जातात. लोकं हासत-खिदळत उतरतात, आन् चढून येतात तवा काठी टेकत, मागं वळून वळून पाहत येतात. एक अमरावतीची मावशी वर आली, माह्या कढईजवळ बसली आन् रडाले लागली. मी म्हटलं, पाय दुखतात काय? तं नाही म्हणाली. त्यावरून मले वाटते, पूल लय सुंदर असन.

एवढंच हाय. त्या पोरीकडच्यांपासून मी सैपाकी हाय हे कोणी लपवजा नको. सुट्टी भेटत नाही, दिवाळीत गाड्या भरभरून असतात.

तुझा
खुशाल

*

चिचटोला
१५ ऑक्टोबर २०२४

खुशाल,

आशीर्वाद. आता कायले इचारलं ते सांगून टाकते, कारण इथं भांडण पेटलं हाय.

आपल्या मंडईच्या समितीत यंदा ओमेश पुढारी हाय. नाटकाच्या मंडपाजवळ दरवर्षी काईतरी देखावा असते. त्यानं म्हटलं, यंदा बांबू आन् धानाच्या तणसाचे जगातले सात आश्चर्यं उभे करू. मी म्हटलं, मंग माह्या भावानं पाह्यलेलेच करा. समितीनं मान्य केलं. बोर्डही रंगवून झाला, 'आपल्या गावच्या खुशालनं पाहिलेली सात आश्चर्ये'. रामलालजी येतीन, पोरगी येईन, आन् सगळ्यांदेखत पाहतीन की आमचा पोरगा कोण हाय. हाय ना डोकं तुह्या बाईले?

तुझं पत्र पुढं ठेवून काम सुरू झालं. ताज डोक्यापेक्षा उंच झाला हाय, वरून पांढऱ्या धोतरांचा कपडा. आन् तिथंच ओमेशनं मोबाईल काढला. म्हणते, मंदाबाई, फोटोत चार मिनार हायेत, चौथा लावतो. मी म्हटलं, लावून तं पाह्य. बोर्डावर कोणाचं नाव हाय? मोबाईलचं लिवलं हाय काय? ज्यानं डोळ्यानं पाह्यला त्यानं तीन लिवले, तं तीनच राहतीन. तुझे भाटवे म्हणते, जुनं काम हाय, चौथा पडला असन. कोणी म्हणते फोटोच जुना हाय. गावात दोन पार्ट्या झाल्या.

पिरामिडालेही तोच तमाशा. मी काळी टाकी ठेवाले लावली. ओमेश म्हणते, आश्चर्यावर टाकी कायले? मी म्हटलं, पत्रात हाय. पुलाच्या जागी नुसत्या पायऱ्या केल्या, कारण पूल कसा ते तू लिवलंच नाही. लोकं इचारतात, पूल कोठी हाय? आम्ही सांगतो, खाली.

तणीस सरलं, म्हणून सातापैकी हे तीनच झाले. बोर्डावर सात तसंच राहिलं.

आता मलेच सांग, चौथा मिनार खरंच पडला काय? मी येता-जाता तुझं पत्र वाचते आन् फोटो पाहते, आन् डोकं गरगरते. पण लोकांपुढं मी हलणार नाही.

तुझी बाई

*

जैसलमेर
४ नोव्हेंबर २०२४

बाई,

तुझं पत्र आज भेटलं आन् हातातला झारा खाली पडला. हे काय करून बसली तू?

चौथा मिनार पडला नाही. चौथा हाय. मी जिथं सैपाक करतो तिथून तो घुमटाच्या मागं जाते, म्हणून दिसत नाही. पिरामिड अर्धा नाही, पूर्ण हाय, भिंतीआड हाय. मी तुले लिवलंच होतं ना की लॉजच्या मागून पाहतो, तं तू समजली कसं नाही? मी ताजाच्या आत कधी गेलोच नाही. पिरामिडाजवर गेलो नाही. त्या पायऱ्यांची एक पायरी उतरलो नाही. मले वाटलं, सैपाकी म्हटल्यावर तुले हे माहीतच असन. कोणता सैपाकी गंज चुलीवर ठेवून ताज पाहाले जाते?

तो बोर्ड काढ. माहं नाव पुसून टाक. ओमेशले म्हणा, मोबाईल पाहून चार लाव, टाकी काढ. रामलालजी येतीन, लोकं हासतीन, आन् त्या पोरीपुढं तुहं नाक कापलं जाईन. माह्यावर हासले तं चालते, तुह्यावर नाही.

मॅनेजरच्या फोनवरून लावाले गेलो, तं नंबर कोणाचाच पाठ नाही. सगळे नंबर वरणात गेले. हे पत्र मंडईच्या आधी पोचो, देवा.

खुशाल

*

चिचटोला
१२ नोव्हेंबर २०२४

खुशाल,

परवा मंडई झाली. काय लिवू आन् काय नको, मले अजून समजून नाही राहिलं.

लोकं लय आले. गोरेगावकडून मोटारसायकलीच मोटारसायकली. सांजच्याले दंडारीचा खेळ सुरू झाला आन् पाहुण्यांची गर्दी आपल्या देखाव्याजवर. पहिल्यांदा तं सगळे वा वा करत होते. मंग कोण्या पोट्ट्यानं मिनार मोजले. एक हासला की दहा हासतात. टाकी पाहून तं लोकं पोट धरून बसले. एकानं तिची तोटी फिरवून पाह्यली. पायऱ्यांजवर दोघंजण पुलाचा रस्ता इचारत होते आन् ओमेश सांगून राहिला होता, खाली, खाली.

आन् त्याच टायमाले रामलालजी आले, संगं प्रेरणा. रामलालजींनी ताज पाह्यला आन् म्हणाले, हा ताजमहाल हाय का तीन पायाची बाज? सगळ्यांदेखत. तुझे भाटवे चिवड्याच्या दुकानामागं जाऊन उभे राहिले. मी मात्र तिथंच होती. हलली नाही.

ती पोरगी एकदाही हासली नाही. ताजाभोवती फिरली. एका कोपऱ्याजवर थांबली, मान तिरपी केली, मंग उलट्या पायानं मागं-मागं पार रस्त्यापर्यंत गेली. परत आली. ओमेशनं तुझं पत्र पुठ्ठ्यावर चिटकवून तिथं टांगलं होतं, ते वाचलं. सगळं वाचलं. आन् मंग माह्याजवर येऊन सरळ तोंडावर इचारते, "तुमचे भाऊ आत गेलेच नाहीत ना जी?"

मी म्हटलं, "गेला नाही तं का भिंतीवरून पाह्यला?"

तं म्हणते, "हो, तसंच वाटते."

जीव असा जळला माहा. बाप हासला तं हासला, पण हे कालचं पोट्टं माह्या भावाले माह्या मंडईत खोटं पाडते? मी वळली आन् पानं वाढाले गेली. जेवले ते लोकं, मटनाले नावही ठेवलं नाही. जाताना रामलालजी म्हणाले, कळवतो. 'कळवतो' म्हणजे काय ते आपल्याले तीनदा समजलं हाय. चौथ्यांदा समजाची गरज नाही.

मी आता कोणासाठी काई करणार नाही. माह्यामुळं तुहं नुकसान झालं हे मले दिसते.

ता.क. पाकीट चिटकवत होती तं पोस्टमन आला आन् तुझं जैसलमेरचं पत्र देऊन गेला. वाचलं. म्हणजे ती पोरगी खरं बोलत होती. खुशाल, चार वर्षांपासून तू ताजाच्या दारात जाऊन राहिला आन् आत गेला नाही? काऊन? कोणी अडवलं होतं? मी गावभर सांगत फिरली की माह्या भावानं जग पाह्यलं. आता मले हेच समजत नाही की तू पाह्यलं का नाही.

तुझी बाई

*

नागपूर
२७ नोव्हेंबर २०२४

बाईले नमस्कार.

कोणी अडवलं नाही. लोकं आत जातात तवा दुपारचा सैपाक चढलेला असते. ते येतात तवा वाढतो. वाढणं झालं की रात्रीची तयारी, आन् दुसऱ्या दिवशी गाडी पुढं. पहिल्या वर्षी वाटे, पुढच्या वेळी जाऊ. मंग वाटलं, दिसतच तं हाय.

पण हे अर्धं झालं. बाकी अर्धं तुलेच सांगतो. मले भेव वाटते, बाई. आतून येणारे लोकं चेहऱ्यावर काईतरी घेऊन येतात. म्हातारे बुडे लेकरांवानी दिसतात. मी गेलो आन् मले काईच नाही वाटलं तं? मंग अंगणातून पाह्यलेलाही हातचा जाईन.

पाह्यला का नाही पाह्यला, तू इचारते. मलेही सांगता येत नाही. आजपर्यंत वाटे पाह्यला. तुझं पत्र आल्यापासून वाटते नाही पाह्यला. संत्र्याचा रस काढता काढता मधातच थांबतो आन् हाच इचार करत बसतो.

तू मनाले लावून घेऊ नको. तू चौथा मिनार लावू दिला नाही, हे आयकून मी मॅनेजरपुढं रडलो. माह्या शब्दावर एवढं कोणी कधी उभं राहिलं नव्हतं. लग्नाचं सोडून दे. माहं चाललं हाय तसं ठीक हाय. ठीक नाही, पण चालते.

खुशाल

*

बोदलकसा, ता. तिरोडा
६ डिसेंबर २०२४

श्री. खुशाल यांना,

नमस्कार. तुमी मला ओळखत नाही. मी रामलालजींची प्रेरणा. पत्ता ओमेशभाऊंकडून घेतला.

पहिले एक सांगते. तुमच्या बाईंना मी 'भाऊ आत गेले नाहीत ना' असं इचारलं, ते टोमणा म्हणून नाही. मला खरंच समजून घ्यायचं होतं. शिवणकामात आम्ही कपडा पाहून सांगतो की माप घेताना माणूस कसा उभा होता. तसंच मी तो ताज पाहून, तुमी कोठून पाहून राहिले असान ते शोधत होती. कोपऱ्यातून मागं सरकली तं चौथ्या मिनाराची जागा बरोबर घुमटाआड गेली. मला एवढा आनंद झाला की तोंडातून निघून गेलं. त्यांचा चेहरा पाह्यला तवा समजलं की चुकलं. तुमी त्यांना सांगा. माझी हिंमत नाही, त्या लय जहाल आहेत.

दुसरं. मी आग्र्याला जाऊन आली आहे, काकाच्या घरच्या लग्नाहून येताना. आतपर्यंत गेली. काय आठवते सांगू? चपला कोठी ठेवायच्या यावरून झालेली कटकट, लाइन, आन् काकू हरवली होती ते. मिनार चार हे मला मंडईतच आठवलं, लोकं हासले तवा. रंग कोणता होता इचाराल तं सांगता येत नाही. पुठ्ठ्यावरचं तुमचं पत्र वाचून मला वाटलं, मी गेली होती का नव्हती? घरी येऊन आईला इचारलं, आपण खरंच गेलो होतो ना? आई म्हणाली, वेडी झाली काय.

आन् तो पूल. दिसला नाही तं तुमी लिवला नाही. आमच्याकडं पाहायला येणारे पोरं न पाहिलेलं पहिले सांगतात.

बाबा म्हणत होते, सैपाकी आहे, वर्षातले आठ महिने बाहेर. मी म्हटलं, बाबा, मीही लोकांच्या बाह्या शिवूनच पोट भरते. चार दिवस डबा शेतातच मागवला. काल म्हणाले, तुह्या मनानं कर.

तं माझं मन असं आहे. लग्न झालं की मी तुमच्या संगं गाडीवर येईन. आग्र्याला गेलो की भाताजवळ मी बसीन, तुमी आत जायचं. तिकडं जाऊन तुमाला माझ्यासारखं काईच नाही वाटलं, तरी चालते. तसंच येऊन सांगा.

पटत असन तं बाईंना लिवा. मला लिवू नका, बाबा पाकिटं फोडतात.

प्रेरणा

*

आग्रा
५ मार्च २०२५

बाईले आन् भाटव्यांले खुशालचा नमस्कार. प्रेरणाचाही. लग्नानंतरची ही पहिलीच गाडी. तुह्या हातच्या सरोळ्या पुरल्या, मॅनेजरनंच अर्ध्या खाल्ल्या.

आज सकाळी प्रेरणानं माह्या हातातून झारा घेतला आन् म्हणाली, जा. मी म्हटलं, पंचेचाळीस माणसांचा भात हाय, पाणी जास्त झालं तं खिचडी होईन. ती म्हणाली, झाली तं झाली.

गेलो. दरवाजातून आत पाय ठेवला आन् तो समोर दिसला, सगळा, खालपासून. चार हायेत, बाई. मोजले. मंग त्याच्याकडं चालत गेलो, तं जसा जवळ जाऊन राहिलो तसा घुमट दिसेनासा झाला, मिनार बाजूले गेले, आन् शेवटी नुसती पांढरी भिंत राहिली. भिंतीले हात लावला. गार होती. चार वर्षांपासून ज्याले पाहून राहिलो तो हाच का दुसरा, तेच समजेना. मागं फिरून आपलं अंगण शोधलं. लय वेळ सापडलं नाही. मंग झाडांमागं आपली निळी ताडपत्री दिसली, नखाएवढी. तिच्याखाली प्रेरणा असन असं मनात आलं, आन् तिथंच ओट्यावर बसून मी रडलो. कशाचं रडू होतं ते सांगता येत नाही. दुःख नव्हतं. सुख म्हणावं तं तसंही नव्हतं.

परत आलो तवा पंगत उठत होती. भात खालून लागला होता, पण लोकं खाऊन गेले. प्रेरणा गंज खरवडत होती. तिनं वर पाह्यलं आन् इचारलं, "कसा हाय?"

मी म्हटलं, "मले माहीत नाही."

तिनं खरवड ताटलीत काढली, माह्यापुढं ठेवली आन् म्हणाली, "मंग उद्या पुन्हा जा."

बाई, उद्या पुन्हा जाऊन राहिलो.

तुझा
खुशाल